प्रगतिपुस्तकावरचा अंगठा

(१)

१९७६ साली मी पहिलीत होते. निफाड तालुक्यातल्या आमच्या गावच्या शाळेतून वर्षातून दोनदा प्रगतिपुस्तक घरी यायचे. आई बागाईतदाराच्या मळ्यात रोजाने जायची. गुरुजींनी पेन्सिलीने फुली मारून दिलेल्या जागी तिने अंगठा उठवायचा आणि मी ते पुस्तक दुसऱ्या दिवशी परत न्यायचे, एवढाच तिचा आणि माझ्या शिक्षणाचा अधिकृत संबंध होता. अंगठा उठवण्याआधी ती एकदा विचारायची, "काय लिवलंय गं?" मला तरी कुठे वाचता येत होते! मी ठोकून द्यायची, "चांगलं लिवलंय."

पुढे मी डी.एड. झाले, महापालिकेच्या शाळेत शिक्षिका म्हणून लागले. आईने ते प्रगतिपुस्तक पत्र्याच्या पेटीत जपून ठेवले होते. ते मी तेव्हा पहिल्यांदा वाचले. शेऱ्याच्या रकान्यात लिहिले होते: 'वाचन कच्चे. पालकांनी घरी अभ्यास घ्यावा.' ज्या बाईला स्वतःचे नाव लिहिता येत नव्हते तिला शाळेने लेखी कळवले होते की मुलीचा अभ्यास घ्या. आणि ते आपल्याला कळले, म्हणून तिचाच अंगठा घेतला होता.

आईने आयुष्यात पुष्कळ ठिकाणी अंगठा दिला. मुकादमाच्या वहीवर, उचल घेतल्याच्या कागदावर, सोसायटीच्या फॉर्मवर. तिच्या मते प्रगतिपुस्तक त्याच जातीचा कागद होता. वर काय लिहिले आहे ते लिहिणाऱ्याला ठाऊक, खाली अंगठा आपला. आपल्या लोकांचा आणि लेखी कागदाचा संबंध शेकडो वर्षे असाच राहिला आहे. प्रश्न असा की, शाळेने तरी तो बदलला का?

(२)

दुसऱ्याच्या शाळेवर बोट ठेवण्याआधी माझी स्वतःची गोष्ट सांगणे भाग आहे. २०१२ साली माझ्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. आई चार घरची धुणीभांडी करायची, बाप मजूर अड्ड्यावर उभा राहायचा. मुलगा गुणी होता, गाणी म्हणायचा, फळा पुसायचा. पण वर्ष संपत आले तरी त्याला काना-मात्रेचे शब्द वाचता येत नव्हते. हे मला माहीत होते. त्याच्या प्रगतिपत्रकात मी लिहिले, 'प्रगती समाधानकारक. वर्गात आनंदाने सहभागी होतो.' यातले एकही अक्षर खोटे नव्हते आणि सगळे मिळून खोटे होते. त्याच्या आईने सही केली. होय, सही. ती साक्षरता वर्गात सही शिकली होती. अंगठ्याच्या जागी सही आली, बाकी काही बदलले नाही.

२०१६ साली ती मला शाळेच्या व्हरांड्यात भेटली. म्हणाली, "बाई, पोरगं पाचवीत गेलं, पर त्याला रेशनकार्डावरचं बापाचं नाव वाचता येईना. पहिलीला तुमच्याकडंच व्हतं ना? मंग तवाच का नाही सांगितलं?"

मी काहीतरी बोलले. पट मोठा होता, घरी लक्ष नव्हते, वगैरे. ती ऐकून घेऊन निघून गेली. भांडली नाही. भांडली असती तर मला बरे वाटले असते. तिचा प्रश्न मात्र माझ्याजवळ राहिला. हा लेख त्याच प्रश्नाच्या उत्तराचा प्रयत्न आहे.

(३)

आपल्याकडे पहिलीच्या मुलाला नापास करीत नाहीत, आणि ते योग्यच आहे. सहा वर्षांच्या पोराच्या कपाळावर नापासाचा शिक्का मारणारी शाळा ही शाळाच नव्हे. पण या चांगल्या गोष्टीचा एक परिणाम नीट समजून घेतला पाहिजे. पूर्वी मूल शिकले नाही तर नापास होई; बातमी क्रूर होती, पण बापाला कळत होती. आता पहिलीतले मूल वरच्या वर्गात जाते आणि निकालाच्या कागदावरून बाप समजतो की पोरगे शिकते आहे. 'वर गेला' आणि 'वाचायला आले' या दोन वेगळ्या बातम्या आहेत. पहिली बातमी शाळा देते. दुसरी दिली नाही तर ती देणारे दुसरे कोणी नाही. सुशिक्षित घरात आई रोज दप्तर उघडते, तिला सांगावे लागत नाही. न सांगण्याची किंमत ज्यांना मोजावी लागते ती सगळी घरे आपलीच असतात.

१२ मार्च १९२७ रोजी मुंबईच्या कायदे कौन्सिलात शिक्षणावरील खर्चाच्या चर्चेत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी एक हिशेब मांडला होता. प्राथमिक शाळेत आलेल्या शंभर मुलांपैकी अठराच चौथीपर्यंत पोहोचतात. उरलेली ब्याऐंशी पुन्हा निरक्षरतेत जातात. आज मुले शाळेतून बाहेर पडत नाहीत, पटावर राहतात. पण पटावर राहूनही निरक्षर राहता येते, हे त्या रेशनकार्डाने मला दाखवले. बाबासाहेबांच्या काळी गळती हजेरीपटावर दिसत होती, आज ती पटाच्या आत दडली आहे. ती उघडी करण्याचे पहिले ठिकाण म्हणजे पहिलीचा वर्ग, आणि जिच्यापुढे उघडी करायची ती व्यक्ती म्हणजे मुलाची आई.

कायदा याबाबतीत स्पष्ट आहे. शिक्षण हक्क कायदा २००९ चा, अंमल १ एप्रिल २०१० पासून. त्याचे २५ टक्के प्रवेशाचे कलम सर्वांना माहीत असते. कलम २४ फारसे कोणी वाचत नाही. त्यात शिक्षकाची कर्तव्ये दिली आहेत आणि त्यांत एक असे की, शिक्षकाने पालकांच्या नियमित बैठका घ्याव्यात आणि मुलाची हजेरी, शिकण्याची क्षमता, शिकण्यातली प्रगती व इतर संबंधित माहिती त्यांना द्यावी. म्हणजे पालकाला सांगणे हा बाईंचा मनाचा मोठेपणा नाही, ते पगाराचे काम आहे. त्याच कायद्याचे कलम २१ शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असावेत, निम्म्या स्त्रिया असाव्यात आणि वंचित घटकांतील पालकांना त्यांच्या प्रमाणात स्थान असावे असे सांगते. प्रत्यक्षात कित्येक ठिकाणी ठरावाची वही घरोघर फिरते आणि सह्या गोळा होतात. पुन्हा तोच मुकादमाच्या वहीचा प्रकार!

(४)

मग सांगितले का जात नाही? शिक्षक आळशी आहेत असे म्हणून हात झटकणे सोपे आहे. कारणे त्याहून खोल आहेत.

पहिले कारण वेळ. पालक सभेची सूचना येते: सकाळी अकरा वाजता. अकरा वाजता अड्ड्यावरचा बाप कुठल्या तरी स्लॅबवर असतो. पंचवटीच्या बाजूच्या वस्त्यांतून बायकांच्या गाड्या पहाटेच दिंडोरी, निफाडच्या द्राक्षबागांकडे गेलेल्या असतात. ऑक्टोबरात छाटणी, जानेवारीपासून काढणी, एप्रिलात पुन्हा खरड छाटणी. आमची सत्र परीक्षा आणि त्यांचा हंगाम बरोबर एकावर एक येतो. सभेला येणे म्हणजे एक रोज बुडवणे. आणि मग आम्ही शेरा मारतो, 'पालक उदासीन आहेत.' उदासीन कोण, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

दुसरे कारण निरोपाचा विषय. शाळा आपल्या पालकांना बोलावते ती दोन कारणांसाठी. एक, तक्रार करायला. दोन, कागद मागायला: जातीचा दाखला, आधार, बँकेचे पासबुक, शिष्यवृत्तीचा अर्ज. हे कागद लागतात, त्याबद्दल वाद नाही. पण वर्षभरात ज्या आईला फक्त दाखल्यासाठी बोलावले गेले, तिची अशी समजूत होते की शाळेला आपल्या पोराची जात हवी आहे, त्याच्या अभ्यासाशी शाळेला कर्तव्य नाही. शाळेतून बोलावणे आले की वस्तीत आजही पोलीस पाटलाचे बोलावणे आल्यासारखी धास्ती भरते. माझ्या वर्गाच्या दाराशी चपला काढून उंबऱ्याबाहेर उभ्या राहणाऱ्या आया मी रोज पाहते. आत या म्हटले तरी येत नाहीत, आल्या तरी बाकावर टेकत नाहीत. २ मार्च १९३० रोजी याच नाशकात काळाराम मंदिराच्या दाराशी सत्याग्रह सुरू झाला. देवळाचे दार उघडावे म्हणून आपली माणसे वर्षानुवर्षे लढली. शाळेचे दार तर उघडेच आहे, तरी आई उंबऱ्याबाहेर आहे. तिला आत आणण्यासाठी सत्याग्रहाची गरज नाही. एक खुर्ची आणि एक आदराचा शब्द पुरतो.

तिसरे कारण भाषा. २० ऑगस्ट २०१० च्या शासन निर्णयाने राज्यात सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आले. गुणांऐवजी श्रेणी आली, आकारिक आणि संकलित असे दोन भाग आले आणि शिक्षकाने प्रत्येक मुलाबद्दल वर्णनात्मक नोंद लिहावी असे ठरले. कल्पना उत्तम होती. पण लवकरच तयार नोंदींची पुस्तके बाजारात आली. आम्ही त्यांतली वाक्ये उतरवू लागलो. 'कृतियुक्त सहभाग घेतो', 'आशय समजून व्यक्त होतो.' ही वाक्ये मलाही नीट कळत नाहीत, मग कचरा वेचणाऱ्या आजीला काय कळणार?

आणि एक शब्द तर शाळांनी हद्दपारच केला पाहिजे. 'उच्चार अशुद्ध.' मूल घरी 'पानी' म्हणते, 'व्हतं' म्हणते. ती त्याच्या आईची भाषा आहे. 'त्याला पुस्तकातली भाषा अजून सरावाची झाली नाही, होईल' हे सांगणे वेगळे आणि अशुद्ध म्हणणे वेगळे. शुद्ध-अशुद्धाचा न्याय आपल्या समाजाने पुरेसा भोगला आहे. तो शेऱ्याच्या रकान्यातून पुन्हा घरी पाठवण्याचे कारण नाही.

चौथे कारण सांगताना मला संकोच वाटतो, पण सांगितले पाहिजे. १८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुल्यांनी मागणी केली होती की प्राथमिक शाळेचे शिक्षक शक्यतो कष्टकरी शेतकऱ्यांच्या वर्गातून घ्यावेत. कारण असे शिक्षक लोकांत मिसळतील, त्यांच्या गरजा आणि इच्छा जाणतील. ब्राह्मण शिक्षक फटकून राहतो. आज आपण शिक्षक झालो आहोत. माझ्यासारख्या कितीतरी जणी वस्तीतून आल्या. पण आपण तरी मिसळतो का? बदली झाली, कॉलनीत घर झाले, शाळा सुटली की गाडीला किल्ली. ज्या फटकून राहण्याबद्दल जोतीरावांची तक्रार होती ते जातीने आले होते. आपण ते पगाराने मिळवले आहे. ती आई मला व्हरांड्यात भेटेपर्यंत मी तिचे घर पाहिले नव्हते.

(५)

आता प्रत्यक्ष काय करता येते ते सांगते. यात नवे असे थोडेच आहे. यासाठी निधी लागत नाही.

पहिलीच्या पालकाला चार गोष्टी कळल्या पाहिजेत: मूल किती दिवस आले, त्याला आज काय येते, काय येत नाही, आणि पुढच्या महिन्यात आम्ही काय शिकवणार. हे महिन्यातून एकदा, तोंडी, आणि एकेका पालकाला. सगळ्यांसमोर कुणाच्या पोराचे उणे काढायचे नाही. वेळ त्यांच्या सोयीची. धुणीभांडी करणाऱ्या बायका दुपारी एक ते तीनच्या मध्ये मोकळ्या असतात. मळ्यावर जाणाऱ्या संध्याकाळी सातनंतर भेटतात. त्यांच्यासाठी महिन्यातून एक संध्याकाळ मी वस्तीतल्या विहारात बसते.

वाचन कसे येते हे सांगायचे नसते, दाखवायचे असते. मूल आईच्या पुढ्यात बसते आणि वाचते. पुष्कळदा ते वाचत नसते, पाठ म्हणत असते. निरक्षर आईलाही हा फरक ओळखता येतो, आणि तो कसा ओळखायचा हे मी प्रत्येकीला शिकवते. चित्रावर हात ठेवा. पोराला एकेका शब्दाखाली बोट ठेवायला सांगा. बोट पुढे आणि तोंड मागे पडत असेल तर ते पाठ आहे. मग मधल्याच एका शब्दावर तुमचे बोट ठेवा आणि 'हे काय?' विचारा. तोच शब्द पानात आणखी कुठे आहे ते शोधायला लावा. सापडला तर त्याला वाचता येते. ही परीक्षा घ्यायला अक्षरओळख लागत नाही.

'असर' च्या पाहणीत २००५ पासून वाचनाच्या अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट अशा पायऱ्या वापरतात. मी पालकांशी याच शब्दांत बोलते. 'तुमची मुलगी अक्षरावर आहे, दिवाळीनंतर शब्दावर यायला हवी.' जिन्याच्या पायऱ्या कुणालाही कळतात. 'ब-१ श्रेणी' कळत नाही.

पद्धत बदलली की तीही सांगावी लागते. आता पहिलीत क, ख, ग या क्रमाने अक्षरे शिकवत नाहीत. ज्यांचे लगेच शब्द होतील अशा अक्षरांचे गट घेतात. घरी थोडेफार शिकलेला काका पुतण्याला 'क ख ग म्हण' म्हणतो, त्याला येत नाही, आणि काका म्हणतो, 'शाळेत काही शिकवत नाहीत.' आम्ही सांगितले नाही, तर त्याचे काय चुकले? २०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणितात 'एकवीस' बरोबर 'वीस एक' असे संख्यावाचन आले तेव्हा केवढा गदारोळ झाला! त्यामागचे कारण साधे होते. 'पंचवीस' म्हणताना पाच आधी ऐकू येतो आणि लिहिताना दोन आधी लिहावा लागतो, म्हणून मूल बावन्न लिहून बसते. 'एकोणतीस' मध्ये तर तीस ऐकू येतात आणि लिहायचे २९. हे मी पालकांना दहाच्या नोटा आणि सुटी नाणी मांडून दाखवते. दोन नोटा, पाच नाणी. मजुरीचा हिशेब बोटांवर करणाऱ्या आईला हे माझ्याआधी कळते. मग ती घरी पोराकडून नोटा मोजून घेते. 'घरी अभ्यास घ्यावा' या शेऱ्याचा अर्थ असा काढला तर तो कोणत्याही आईला जमतो.

२०२२ पासून राज्यात 'पहिले पाऊल' हे शाळापूर्व तयारी अभियान सुरू झाले. पहिलीत येणाऱ्या मुलांचे मेळावे भरतात, मुलाचे विकासपत्र आईच्या समक्ष भरले जाते, वस्तीत मातांचे गट केले जातात. मेळाव्याच्या दिवशी फोटो काढून विसरून जाण्यासारखी ही गोष्ट नाही. आमच्याकडे असा एक गट टिकला. त्यातल्या सातवी शिकलेल्या एका बाईने बाकीच्या नऊ जणींना निरोप वाचून दाखवण्याचे काम अंगावर घेतले.

मोबाइलबद्दल थोडे. मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा शाळा व्हॉट्सअॅपच्या गटावर आली. ज्या घरात एकच फोन आणि तोही बापाबरोबर कामावर, तिथे शाळा रात्री नऊला पोहोचायची किंवा पोहोचायचीच नाही. आजही मी पाहते, गटावर लांबलचक लेखी सूचना पडतात आणि शिक्षक म्हणतात, 'कळवले आहे.' कळवणे आणि कळणे यांत आईच्या अंगठ्याएवढे अंतर आहे. मी आता बोलून निरोप पाठवते. मिनिटभराचा, मुलाचे नाव घेऊन. आजी तो दोनदा ऐकते आणि शेजारणीलाही ऐकवते.

यात एक अडचण आहे, ती लपवत नाही. पालकाला खरे सांगू लागले की तो प्रश्न विचारू लागतो. 'शब्दावर का आली नाही? तुम्ही महिनाभर काय केलं?' असे एका बापाने मला सर्वांसमोर विचारले. राग आला. घरी गेल्यावर लक्षात आले की आयुष्यभर दुसऱ्याला हिशेब देणारा हा माणूस पहिल्यांदाच कुणाकडे तरी हिशेब मागत होता. आपल्याला हेच तर हवे होते ना?

(६)

चळवळीतल्या मित्रांना एक विनंती. आपण शिष्यवृत्तीसाठी मोर्चे काढले, वसतिगृहांसाठी भांडलो, राखीव जागांसाठी लढलो. ते सगळे आवश्यकच होते आणि आहे. पण वसतिगृहात पोहोचायला आधी पहिली ओलांडावी लागते, आणि पहिलीच्या वर्गात काय चालले आहे हे विचारायला आपला एकही कार्यकर्ता जात नाही. जयंतीच्या मंडळाने वर्षातून दोन संध्याकाळी, एक दिवाळीआधी आणि एक फेब्रुवारीत, वस्तीतल्या पहिली-दुसरीच्या मुलांना विहारात बसवून आयांसमोर वाचायला लावावे. शिक्षकांना सन्मानाने बोलवावे. शाळा व्यवस्थापन समितीवर वस्तीतल्या बाया निवडून पाठवाव्यात आणि कलम २४ त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात समग्र प्रगतिपत्रक सांगितले आहे, त्याने घर आणि शाळा जोडावी अशी अपेक्षा आहे. कागद नवा येईल. आईच्या हातात तो कसा पडतो, हे मात्र आपणच पाहायला हवे.

डी.एड. करणाऱ्या मुलामुलींना एवढेच सांगते की, मुलाला काही येत नसेल तर ते त्याच्या आईला जूनमध्ये नाही तर ऑगस्टमध्ये सांगा. ऑगस्टमध्ये सांगितले तर एप्रिलपर्यंत काही करता येते. एप्रिलमध्ये सांगितले तर तो निकाल होतो.

रेशनकार्डाची गोष्ट सांगणारी ती आई नंतरही मला भेटत राहिली. सातवीत तो मुलगा वर्षभर शाळा सुटल्यावर माझ्याकडे बसला, आणि वाचू लागला. ही मी केलेली भरपाई नव्हे. सहा वर्षे गेली ती गेलीच. पण त्या वर्षापासून मी एक नियम पाळते. प्रगतिपत्रक पालकाच्या हाती देण्याआधी त्यातली प्रत्येक ओळ मी त्याला वाचून दाखवते, त्याला समजेल अशा बोलीत सांगते, आणि विचारते, 'कळलं का? काही विचारायचंय?' त्याशिवाय मी आता कुणाचीही सही किंवा अंगठा घेत नाही.